वजन म्हणून या

हल्ली महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी आमच्या बंदरावर येतं. बहुतेक तरुण जोडपी असतात, ठाण्याहून किंवा मुंबईहून आलेली, घरभाड्याला आणि ट्रॅफिकला कंटाळलेली. आईच्या बोटीचा व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. बोटीवर राहायचं तर काय काय लागतं, असं विचारतात. आई त्यांना चहा देते आणि म्हणते, "ती जागू सांगल. तिला बोलायची लय हौस हाय." मग मी त्यांना केबिन दाखवत नाही, इंजिन दाखवत नाही, आधी दोर दाखवते. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. दोर आवळून बांधला तर ओहोटीला बोट त्या दोरावर लटकते आणि एका कुशीवर कलते. म्हणून दोर लांब सोडायचा. पुढचा दोर मागच्या खुंटाला आणि मागचा पुढच्या खुंटाला, असा तिरका घ्यायचा, म्हणजे बोट वर-खाली होते पण जागा सोडत नाही. आम्हाला हे माहीत होतं असं नाही. पहिल्या दिवशी बाबांनी दोर असा करकचून बांधला की दुपारी जेवायला बसलो आणि आमटीचं पातेलं आपलं आपण सरकत माझ्या मांडीपाशी आलं. बाबा म्हणाले, "पाणी उतरतंय वाटतं." आई म्हणाली, "पानी उतरतंय, आन आपन टांगलेत."

हे ऐकून ती जोडपी हसतात. मीही हसते. पण आम्ही बोटीवर हौसेनं गेलो नव्हतो, हे मी त्यांना चहाच्या कपावर सांगत बसत नाही.

आम्ही भिवंडीत नारपोलीला राहायचो, एका चाळीत, खाली कापडाचे लूम आणि वर खोल्या. भिंतीला हात लावला की हाताला मुंग्या याव्यात तशी ती थरथरायची. शुक्रवारी लूमना सुट्टी असायची, तेव्हा त्या शांततेनं मला झोप लागत नसे. बाबा लूमचे फिटर होते. हे त्यांचं पोटाचं काम. मनाचं काम म्हणजे पत्रकं काढणं. आमच्या खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असत. उरलेल्या पत्रकांची मी शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालायचे, आई त्यांच्यावर भाज्या चिरायची. मी वाचायला शिकले ते बालभारतीवर नव्हे, पत्रकावर. अक्षर जोडून वाचलेलं माझं पहिलं वाक्य होतं, 'बारा तासांची शिफ्ट हा कायदा नाही, ही सवय आहे.' माझं नाव जागृती ठेवलं तेही बहुधा कुठल्यातरी मथळ्यातून उचललेलं. अशा घरात वाढलं की माणूस साधं मीठ मागतानाही दोन मुद्दे मांडतो. ती खोड अजून गेलेली नाही.

चाळ धोकादायक आहे असा बोर्ड लागला आणि काही दिवसांत खोल्या खाली करायला सांगितलं. खरोखरच धोकादायक होती, यात वाद नाही. वाद हा होता की गरिबाची भिंत पडायला आली की फक्त गरीब बाहेर पडतो, जमीन जागेवर राहते आणि मालकाची किंमत वाढते. बाबांनी यावर एक पत्रक काढलं. पत्रक चांगलं होतं. पण ते अंगावर घेऊन झोपता येत नव्हतं. नवी खोली हवी तर एजंटाकडं जायला लागणार होतं, आणि एजंटांविरुद्ध बाबांनी आधीच एक पत्रक काढलेलं होतं. त्यामुळे ते जायला तयार नव्हते. आईनं दोन दिवस सामानाची बोचकी बांधली. तिसऱ्या दिवशी ती मला घेऊन माहेरी गेली.

आईचं माहेर कशेळीच्या जवळ, मुख्य खाडीला येऊन मिळणाऱ्या एका अरुंद फाट्यावर आहे. तिचे वडील रेती काढायचे. त्यांची बोट लोखंडी होती, लांबोळकी, अंगानं अरुंद, तळानं सपाट. रेती काढणं बंद झालं, आजोबा गेले, आणि बोट बंदरावर आपल्या जागी नुसती पडून होती. माझा बबनमामा तेव्हा वळ गावातल्या एका गोडाऊनचा टेम्पो चालवायचा. त्यानं बोट भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. कटर घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. आई अंगणात उभ्या उभ्याच म्हणाली, "बापाच्या बोटीत माजा पन वाटा हाय. मला पैशे नको. मला बोट पायजे."

"ताई, तिचं करशील काय?"

"राहीन."

मामानं माझ्याकडं पाहिलं. मी त्या वयाला साजेल असं काहीतरी बोलले, घर हा मूलभूत हक्क आहे वगैरे. मामा म्हणाला, "ही दाजींची कॅसेट हाय काय?" पण भंगारवाल्याला त्यानं फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं.

केबिन आम्ही गोडाऊनच्या टाकाऊ मालातून उभी केली. माल ठेवायची लाकडी पॅलेट गोडाऊनवाले फेकून देतात. मामा येताना टेम्पोत चार-चार घालून आणायचा. त्या पॅलेटच्या भिंती, बाहेरून चाळीचे जुने पत्रे, आणि मध्ये पॅकिंगचं थर्माकोल. हे थर्माकोल कुणी विसरू नये असं मी सगळ्यांना सांगते, कारण एप्रिलमध्ये पत्र्याच्या पेटीत राहणं म्हणजे तव्यावर राहणं. मजुरी बाबांची आणि माझी. आणि उंची बाबांची. मामा बघायला आला तेव्हा छताचे अँगल वेल्ड करून झाले होते. तो आत शिरला, हात वर केला, तरी छताला लागेना.

"दाजी, बोटीचं छत बसून मोजायचं असतं. उभ्यानं न्हाय."

बाबा म्हणाले, "बबन, माझ्या घरात कुणी मान वाकवून येणार नाही. मालक नाही, मजूर नाही, तू पण नाही."

"मी येतच न्हाय. काठावरनं हाक मारीन." मग बाहेर जाऊन त्यानं बोटीकडं लांबून पाहिलं. "लग्नाचा मांडव वाटतो," म्हणाला.

मला ते छत आवडायचं. अजूनही आवडतं. लोकांना मोडक्या घरातही पाठ सरळ करून उभं राहता आलं पाहिजे, ही बाबांची गोष्ट मला आज जास्त पटते. वाकायला लावणाऱ्या जागा मी पुढं पुष्कळ पाहिल्या, आणि त्या सगळ्या पत्र्याच्या नव्हत्या.

बोटीवरच्या घरात प्रत्येक वस्तूला वजन असतं, हे आईनं आम्हाला आठवड्याभरात शिकवलं. पाण्याचं पिंप उजवीकडं, म्हणून पाटा-वरवंटा आणि तांदळाचा डबा डावीकडं. बाबांचे गठ्ठे तिनं निम्मे एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला ठेवायला लावले. पिंपातलं पाणी संपत आलं की बोट किंचित डावीकडं झुकायची, आणि मला न सांगता कळायचं की हंडे घेऊन गावातल्या नळावर जायची वेळ झाली. दिव्यांसाठी छतावर सोलरचं पॅनल आणि खाली टेम्पोच्या दोन जुन्या बॅटऱ्या. संडासाचं सगळे विचारतात पण लाजत विचारतात, म्हणून सांगते. झाकणाचा डबा, प्रत्येक वेळी त्यात भाताचं तूस आणि राख, आणि भरला की गावाबाहेरच्या खड्ड्यात. वास येत नाही. खाडीत काही सोडायचं नाही, हा आईचा नियम होता. खाडीत लोक काय काय सोडत होते ते बघता तो जरा एकतर्फी होता, पण ती म्हणायची, "त्यांची खाडी न्हाय ती. त्यांना फुकटचं गटार मिळालंय."

इंजिन आजोबांचंच होतं, डिझेलचं. सुरू व्हायला रडायचं, पण एकदा लागलं की लूमसारखं एका ठेक्यात चालायचं. मला त्या ठेक्यावर लगेच झोप यायची. भिवंडीच्या खाडीत बोट चालवणाऱ्यानं इंजिनापेक्षा पाण्यातल्या पंख्याची काळजी घ्यावी. प्लास्टिकच्या पिशव्या तर असतातच, पण आमच्याकडं लूमचं टाकाऊ सूत वाहत येतं. ते पंख्याच्या दांड्याला असं गुंडाळलं जातं की जणू कुणी बॉबिन भरतोय. इंजिन बंद करायचं, चावी काढून स्वतःच्या खिशात टाकायची, मगच मागं उतरून कोयत्यानं ते सूत कापायचं. चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, नवऱ्याच्याही नाही, असं आई सांगते. आणि गंमत अशी की दांडा जिथून बोटीच्या बाहेर जातो तिथून पाणी आत झिरपू नये म्हणून जे बूच मारायचं, तेही सुताचंच. ग्रीसमध्ये घोळलेलं सूत पीळ देऊन ठासायचं. हे काम बाबा मन लावून करायचे. लूमवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सूत कुठं उपयोगी पडेल हे कुणी सांगू शकत नाही.

भरतीची वेळ आई तिथीवरून काढायची. तिथीची पाऊणपट करायची, तो आकडा वाजायच्या सुमारास पाणी भरतं. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. आमचा फाटा खाडीच्या पार आत, म्हणून त्यात एक भात शिजायला लागतो तेवढा वेळ ती वर धरायची. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीला भांग, चढत नाही फार आणि उतरतही नाही. वर्षाला एकदा तळाला डांबर लावायचं तर उधाणाच्या भरतीत बोट काठाच्या चिखलावर वर घ्यायची, म्हणजे पुढचं उधाण येईपर्यंत ती कोरडी राहते. आधी तळ हातोडीनं ठोकत जायचं. टणटणीत आवाज आला तर पत्रा धड, भद्द आवाज आला तर तिथं खडूची खूण. बाबांनी पंचांग पाहण्याविरुद्ध एक पत्रक लिहिलं होतं. तेच बाबा आता रोज सकाळी चहाआधी कॅलेंडरसमोर उभे राहून तिथी बघायला लागले. आई म्हणायची, "बगा, बगा. देवाची न्हाय, पान्याची तिथी हाय ती."

सकाळी बगळ्यांचा आवाज, पलीकडं गोडाऊनच्या रस्त्यावर रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकांचं टींटीं, ओहोटीला चिखलातून निवट्या माशांची फटफट. आई ओहोटीला उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरायची, पण सगळ्या जागी धरायची नाही. कापड रंगवणाऱ्या डाइंगचं पाणी येतं त्या बाजूच्या तिनं कधी घरात आणल्या नाहीत. तांदळाची भाकरी, निवट्यांचं आंबट कालवण, कधी नुसती सुकट आणि कांदा. मी बोटीच्या नाकावर बसून अकरावी-बारावीचा अभ्यास केला. एवढी जागा मला नारपोलीत कधी मिळाली नव्हती. त्यामुळे पुढं जे झालं त्यात माझं काय जाणार होतं, हे मला नीट कळत होतं.

बंदरावरची जागा कुणाच्या नावावर नसते. जागा बोटीची असते, आणि ती टिकवायची गावकीची एक रीत आहे. नारळी पुनवेला भरतीच्या वेळी बंदरावर नारळाची पूजा होते. ती झाली की प्रत्येक बोटीनं आपल्या जागेवरून, आपल्या इंजिनावर, सगळ्यांबरोबर निघायचं. फाटा जिथं मोठ्या खाडीला मिळतो तिथं नारळ सोडायचा आणि परत जागेवर यायचं. जी निघाली नाही ती बोट नव्हे, ते भंगार, आणि तिची जागा गावकीची. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या वर्षीची पुनव होऊन गेली होती, बोट मामानं नेली होती. पुढच्या आषाढात नामदेवकाका बंदरावर आले. ते गावकीचे मुख्य. बोटीवर चढले नाहीत, काठावरूनच आईशी बोलले.

"सुमन, एका गोडाऊनवाल्यानं या जागेला मागनी घातली हाय. मुरूम टाकून ट्रक वळवायला जागा करनार. माजा काय वैर न्हाय तुज्याशी. बोट निंघाली तर जागा तुमची. न्हाय निंघाली तर भराव."

बाबा आतून बाहेर आले. "म्हणजे आमचं घर एका नारळावर अवलंबून?"

"घर कुटं लीडर, आमी बोट म्हनतो," काका म्हणाले. गावात बाबांना सगळे लीडर म्हणायचे, आणि ते कौतुकानं नसायचं.

काका गेल्यावर बाबांनी सांगून टाकलं की ते कुठल्याही धार्मिक मिरवणुकीत जाणार नाहीत. माणसाचा निवारा पूजेवर ठरणं हे तत्त्वतः चूक आहे, आणि तिथं गेलो तर ते मान्य केल्यासारखं होईल. मलाही ते पटत होतं. मी सतरा-अठरा वर्षांची होते, मला तेव्हा बाबांचं न पटणारं असं काहीच नव्हतं. आई तांदूळ निवडत होती. "तुमी नका येऊ," ती म्हणाली. "मी नेईन. मला सुकान धरता येतं. तुमी काठावर बसून मान्य करू नका."

अडचण नारळाची नव्हतीच. खरी अडचण मामाच्या ध्यानात आली. आमच्या जागेपासून मोठ्या खाडीकडं जाताना वाटेत फाट्यावरून पाण्याची एक मोठी पाइप गेलेली आहे. केबिन नव्हती तेव्हा आजोबांची बोट तिच्याखालून रोज जायची. केबिन बांधली तेव्हा बोटीला कुठं जायचं नव्हतं, म्हणून पाइप कुणाच्या डोक्यात आली नाही. मामानं अवसेच्या उधाणाला भर भरतीत बांबू धरून दोन्हीकडं माप घेतलं. पाइपपेक्षा आमचं छत चार अंगुळं वर होतं. त्यानं बांबूवरची खूण बाबांना दाखवली. "दाजी, आता कोन मान वाकवनार? पाइप का तुमी?"

बाबांनी खुणेवर चार बोटं ठेवून पाहिली. मग म्हणाले, "आपण सकाळी पाणी कमी असताना आधीच पलीकडं जाऊन थांबू." पण पूजेनंतर आपल्याच जागेवरून निघायचं ही रीत, त्यामुळे ते जमणार नव्हतं. छत कापायचं म्हटलं तर भर श्रावणात घर उघडं पडणार. मी म्हटलं, बोटीत पंपानं पाणी भरू, ती खाली बसेल. आई म्हणाली, "आत घेतलेलं पानी एका जागी बसत न्हाय. बोट जरा कलली का सगळं पानी तिकडंच धावतं, आन पालथी घालतं. बाप माजा रेती भरून यायचा तवा काठापर्यंत पानी असायचं, आन त्याची बोट पाइपखालनं आरामात जायची. रिकामी असली का हातभर वर यायची."

"मग दगड भरू," मामा म्हणाला.

"आन येताना? ओहोटी लागलेली असनार. भरलेली बोट त्या पाइपखालच्या गाळावर बसनार. दगड कोन उतरवनार मधेच?" आईनं सूप खाली ठेवलं. "मान्सं पायजेत. मान्सं आपल्या पायानं चढतात, आपल्या पायानं उतरतात."

मामानं बांबूवरच्या खुणेकडं पाहिलं. "पन्नास तरी लागतील."

गावातून पन्नास माणसं मिळणार नव्हती. गावातल्या माणसांना आपापल्या बोटी होत्या, आणि ज्यांना नव्हत्या ते लीडरच्या बोटीत बसून गोडाऊनवाल्याशी वाकडं घेणार नव्हते. राहिलं नारपोली. पुनव शुक्रवारी येत होती, लूम बंद. बाबा लगेच लिहायला बसले. त्यांनी पान भरून पत्रक लिहिलं. 'श्रमिक बंधू-भगिनींनो' इथून सुरुवात होती, मग खाडी कुणाची, मग गोडाऊनचं भांडवल, मग रूढी आणि निवारा यांचा संबंध. खालच्या कोपऱ्यात बोटीचा उल्लेख होता. मी ते दोनदा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ते वाचून माणूस शुक्रवारी घरातून उठून कशेळीला का येईल, हे मला सापडेना. मी दुसरा कागद घेतला.

'शुक्रवारी लूम बंद आहेत. आमची बोट पाइपखालून जात नाही, चार अंगुळं वर राहते. पन्नास माणसं आत बसली तर जाईल. गेली तर आमचं घर राहील. वजन म्हणून या. जेवण आहे.' खाली जागा आणि वेळ.

बाबांनी वाचलं, चष्मा काढला. "यात विचार कुठं आहे?"

आई म्हणाली, "येळ हाय, पत्ता हाय, जेवन हाय. अजून काय पायजे त्यात?"

बाबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला होता. मग स्वतःच झेरॉक्सला घेऊन गेले. त्यांच्याबरोबर लूमवर काम केलेले सलीमचाचा होते, त्यांनी खाली हिंदीतून लिहून दिलं आणि चहाच्या टपऱ्यांवर वाटलं. बाबांचं पत्रक त्या दिवशी घरीच राहिलं.

शुक्रवारी पाऊस नव्हता. बंदरावर बोटींना झेंडे, पताका, फुगे. आमच्या बोटीला काही नव्हतं, फक्त आईनं सुकाणाला हळदीकुंकू लावलं होतं. ती पहाटेपासून भाकऱ्या थापत होती. नारळीभात, चवळीची उसळ. दहा वाजले तरी कुणी नाही. मी रस्त्याकडं पाहणं बंद केलं आणि पुन्हा पाहायला लागले. मग दोन टेम्पो आले. एकात मामा होता, दुसऱ्यात त्याचा मित्र, आणि दोन्हींत नारपोली उभी होती. सलीमचाचा, त्यांच्या लाइनीतले उत्तर प्रदेशचे कामगार, आमच्या चाळीतल्या शेजारणी, त्यांच्या मुली. सलीमचाचांनी बाबांना मिठी मारली. "भाई, इतने साल से आपका पर्चा पढ रहे हैं. पहली बार समझ में आया कि करना क्या है."

बाबा म्हणाले, "ते मी नाही लिहिलं."

"वही तो," चाचा म्हणाले.

आई सगळ्यांना बसवायला लागली. जाडे मध्ये, बारीक कडेला, कुणी उभं राहायचं नाही, फोटो काढायला तर अजिबात उठायचं नाही. एकाही माणसाला दारातून वाकावं लागलं नाही. "भाभी, खाना पहले दे दो, वजन बढेगा," चाचा म्हणाले, आणि आईनं खरंच जेवण आधी वाढलं. पलीकडच्या बोटींवरून लोक बघत होते. कुणीतरी ओरडलं, "लीडर, मोर्चा हाय काय?" बाबा बोटीवर नव्हतेच. छत आणि पाइप यांच्यावर नजर ठेवायला म्हणून ते आधीच काठाकाठानं जाऊन पाइपच्या खांबापाशी उभे राहिले होते. ते कारण खरं होतं. पण बोटीवर न चढायला ते निमित्तही होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

पूजा झाली, नामदेवकाकांनी हात केला, बोटी सुटल्या. मी इंजिनापाशी, मामा नाकावर, आई सुकाणाला. बोट इतकी खाली बसली होती की पाणी हाताला लागत होतं. पाइप जवळ आली. आईनं वेग कमी करायला सांगितलं. नाक आत गेलं, केबिनचा पुढचा काठ आत गेला, आणि वरून पत्रा खरवडल्याचा लांबलचक आवाज आला. आत बसलेल्यांचं बोलणं एकदम थांबलं. मी इंजिन मागं घेतलं. मागच्या बोटी हॉर्न वाजवायला लागल्या.

"पुढनं लागतंय," मामा ओरडला. "मागं जास्त बसलेत."

आईनं आतल्या आठ-दहा जणांना पुढं सरकवलं. बोट पुन्हा पाइपशी नेली. मामा हात वर करून बघत राहिला. "बसल छत," म्हणाला. "बसल असं वाटतंय."

"न्हाय," आई म्हणाली. "नाकावर अजून एक मानूस पायजे."

"मी हाय की."

"तू हायस. अजून एक."

बाबा आमच्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. खांबाच्या कट्ट्यावर, हाताची घडी घालून. आई त्यांच्याकडं पाहत नव्हती, पाइपकडं पाहत होती. मागं हॉर्न चालूच होते, आणि भरती कुणासाठी थांबत नव्हती. केबिनच्या खिडकीतून सलीमचाचांनी डोकं काढलं. "आ जाओ भाई. नारियल की तरफ मत देखना."

बाबांनी चपला काढल्या, कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि नाकावर पाय टाकला. मामानं त्यांचा दंड धरला. ते गुडघे छातीशी घेऊन बसले. आई म्हणाली, "चल, जागू." मी इंजिन पुढं टाकलं. छत आत शिरलं. पाइपवर साचलेलं पाणी टपटप पत्र्यावर पडत होतं, तो आवाज पुढून मागं सरकत गेला. आत बसलेल्या पन्नासही जणांनी माना खाली घातल्या होत्या, डोक्यावर छत असताना. बाबांनी नाही घातली. पाइप त्यांच्या डोक्यावरून जाताना त्यांनी हात वर केला आणि तळहात तिच्या ओल्या बुडाला लावून ठेवला, ती मागं जाईपर्यंत.

मोठ्या खाडीशी बोटी गोलाकार थांबल्या. नारळ सोडायला आईला दोन्ही हात हवे होते. तिनं बाबांना हाक मारून मागं बोलावलं आणि सुकाण त्यांच्या हातात दिलं. शेजारच्या बोटीवरून नामदेवकाका म्हणाले, "काय लीडर, तुमी तर मिरवनुकीत."

बाबा म्हणाले, "मी वजन आहे."

काका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

माणसांना आम्ही कशेळीच्या पुलाजवळ पायऱ्यांशी उतरवलं. चाचा उतरताना नारळीभाताचा डबा घेऊन गेले. मग आम्ही चौघंच परत निघालो, पाणी उतरू लागलं होतं, बोट हलकी झाली होती. पाइपखालून गेलो तेव्हा छतावर मोकळी जागा होती आणि तळाला गाळ घासल्याचा मऊ आवाज आला. बाबांच्या चपला कट्ट्यावर तशाच होत्या. मामानं वाकून उचलल्या. बंदरावर नामदेवकाका आमच्या जागेसमोर उभे होते. मी दोर खुंटाला घातला. ते बघत होते. "लांब सोड गो," म्हणाले, "ओहोटी लागली हाय." आणि गेले. जागेचं दुसरं काही बोलले नाहीत. मुरूम आला नाही.

त्या दिवाळीत मामा कटर घेऊन आला, छत वीतभर खाली घ्यायला. नवल म्हणजे बाबांनीच खडूनं रेघ मारून ठेवली होती. आईनं ती ओल्या फडक्यानं पुसली. "कापलं तर दर सालाला मान्सं कशाला येतील?" म्हणाली. तेव्हापासून दर श्रावणात मी ते पत्रक पुन्हा काढते. पुनव शुक्रवारी नसली तर लोक खाडा करून येतात. बाबा आता नाकावरच बसतात, कुणी न सांगता. नारळाविषयीचं त्यांचं मत बदललेलं नाही, माझंही नाही.

एकदा तळाला डांबर लावताना मी आईला विचारलं, त्या दिवशी मामा म्हणाला होता छत बसेल, मग नाकावर एका बारक्या माणसानं असा काय फरक पडणार होता?

"बोटीला?" ती म्हणाली. "काय न्हाय." आणि मला हातोडी आणायला सांगितली, कारण तिला एका जागी भद्द आवाज आला होता.